आवडेल तेथे

बाबांच्या डायरीतली त्या उन्हाळ्याची पहिली नोंद अशी आहे : "४ जून २०२२, शनिवार. हांबुर्ग ते ब्रेमेन. सुटायची वेळ १५.१५. सुटली १५.३८. गर्दी आषाढीसारखी."

आषाढीसारखी हे त्यांनी शोभेसाठी लिहिलेलं नाही. ती त्यांची मोजायची एकके आहेत. लग्नसराई, यात्रा, दिवाळीचा पाडवा, आणि सगळ्यांत वर आषाढी. त्या शनिवार-रविवारला जोडून जर्मनीत सोमवारची सुट्टी आली होती आणि नऊ युरोचं तिकीट सुरू होऊन चार दिवस झाले होते. अख्खा देश पिशव्या भरून स्टेशनवर आला होता. सायकली, तंबू, बिअरच्या पेट्या, कुत्री. त्यात ब्रेमेनला आमच्या घरी निघालेले आम्ही : मी, नवरा, पाच वर्षांचा मुलगा, चौदा तासांच्या प्रवासानं सुजलेल्या पायांची आई, चार बॅगा आणि बाबा. तोंडाला मास्क लावून संडासाच्या दाराशी उभे. एका मुलानं उठून बाबांना जागा देऊ केली. बाबांनी हात हलवून नाही म्हटलं. "सवय आहे," ते मराठीत म्हणाले. त्या मुलालाही ते समजलं असावं, कारण तो हसून परत बसला.

सवय असणारच. बाबांची नोकरी एसटीत गेली. एकोणीस वर्षं कंडक्टर, पुढे निवृत्त होईपर्यंत सातारा स्टँडवर वाहतूक नियंत्रक.

त्या तिकिटाबद्दल थोडं सांगायला हवं. फेब्रुवारीत युक्रेनवर हल्ला झाला, तेला-गॅसचे भाव भडकले. लोकांना दिलासा म्हणून जर्मन सरकारनं जून, जुलै आणि ऑगस्ट असे तीन महिने एक तिकीट काढलं. महिन्याला नऊ युरो, म्हणजे तेव्हाच्या हिशोबानं साडेसातशे रुपयांच्या आत. त्यात देशभरातल्या साध्या गाड्या, बस, ट्रॅम, सगळं आलं. फक्त लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत चढायचं नाही. मुलगा सहाच्या आतला, म्हणजे त्याचं तिकीटच नाही. मे महिन्यात फोनवर मी हे बाबांना समजावून सांगत होते. त्यांनी मला मध्येच तोडलं.

"म्हणजे आपला आवडेल तेथे प्रवास."

बरोबर तेच. एसटीचा हा पास १९८८ पासून आहे, चार दिवसांचा आणि सात दिवसांचा. महाराष्ट्रात कुठंही उतरा, कुठंही चढा. स्टँडवरच्या खिडकीत बसून बाबांनी असे किती पास लोकांना करून दिले असतील. आम्ही स्वतः त्या पासावर एकदाही गेलो नाही. सुट्ट्यांत एसटीला गर्दी, आणि गर्दीत बाबांना रजा नाही.

"आणि सुरू कधी होतंय म्हणालीस?"

"एक जून."

पलीकडे थोडा वेळ आवाज नाही. मग म्हणाले, "एसटीचा वाढदिवस." १ जून १९४८ ला नगरहून पुण्याला पहिली गाडी सुटली, हे आमच्या घरात पाढ्यासारखं पाठ आहे. त्या वर्षी तर एसटीला पंचाहत्तरावं लागत होतं. आदल्या हिवाळ्यातला लांबलेला संप एप्रिलमध्ये मिटला होता. तो संप चालू होता तेव्हा हा निवृत्त माणूस टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या बघायचा, असं आई सांगते.

ते दोघं येणार हे ठरायलाच वर्ष गेलं होतं. कोविडची दोन वर्षं कुणी आलं नव्हतं, आम्ही गेलो नव्हतो. त्यात लेकीचं घर. आमच्या आजीनं लेकीच्या घरचं पाणीसुद्धा कधी घेतलं नाही. आई तितकी जुनी नाही, पण "तीन महिने राहायचं म्हणजे लोक काय म्हणतील" हे तिनं तीन-चार वेळा तरी म्हटलं. व्हिसा नव्वद दिवसांचा. त्यासाठी मला इथल्या कचेरीत जाऊन लिहून द्यावं लागलं, की हे दोघं इथं असेपर्यंत त्यांचा सगळा खर्च माझ्यावर, आजारपण आणि परत धाडण्याचा खर्चसुद्धा. त्याची प्रत मी बाबांना पाठवली. त्यांनी कुणाकडून तरी ती वाचून घेतली आणि फोन केला.

"म्हणजे तू आम्हाला जामीन राहिलीस."

पतपेढीच्या कर्जांना बाबा आयुष्यभर लोकांना जामीन राहिले. त्यातल्या दोघांनी हप्ते बुडवले, ते बाबांच्या पगारातून गेले. त्यांना कुणी जामीन राहिल्याची ही पहिलीच वेळ. आवाजात कौतुक होतं की अवघडलेपण, ते मला अजूनही सांगता येणार नाही.

पहिले आठ दिवस ते दोघं माझ्या घरात पाहुण्यासारखे वागले. आई फ्रीज उघडताना विचारायची. बाबा खुर्चीच्या टोकावर बसायचे. मग आईला कळलं की दुकानात सूर्यफुलाचं तेल माणशी ठरावीक बाटल्याच देतात, युद्धामुळे. ते कळताच तिच्यातली गृहिणी जागी झाली. तिनं आम्हा पाचही जणांना ओळीनं दुकानात उभं केलं, मुलाच्या हातातसुद्धा एक बाटली. त्या दिवसापासून स्वयंपाकघर तिचं झालं. रविवारी आवाज नको म्हणून मिक्सर लावायचा नाही, एवढा एकच नियम तिनं पाळला, तोही कुरकुरत. "वाटणाला काय वार कळतो?"

बाबांना रमायला बाटल्यांचं यंत्र पुरलं. इथं प्लास्टिकच्या बाटलीवर पंचवीस सेंटची अनामत असते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की तेवढ्या पैशांची पावती बाहेर येते. बाबा रोज संध्याकाळी नातवाला घेऊन बाटल्या जमा करायला जाऊ लागले. ज्या माणसानं सुट्या पैशांसाठी आयुष्यभर लोकांशी वाद घातले, त्याला एक यंत्र न भांडता बरोबर पैसे परत देत होतं. एकदा मात्र ते पिशवी रिकामी करून परत आले आणि हातात पावती नव्हती. कचऱ्याच्या डब्यात हात घालून बाटल्या शोधणारा एक म्हातारा त्यांनी पाहिला होता. इथले लोक अशांसाठी बाटल्या डब्याबाहेर ठेवून जातात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी आपली पिशवी डब्याशेजारी नीट मांडून ठेवली होती, उभ्या बाटल्या, एका रांगेत. त्यानंतर आमच्या बाटल्या यंत्रापर्यंत पोचल्याच नाहीत.

ब्रेमेन म्हटलं की पुणेकरांना औंधचा ब्रेमेन चौक आठवतो. त्यापलीकडे या गावाची ओळख म्हणजे चार जनावरांची गोष्ट. टाऊन हॉलच्या कडेला त्यांचा पुतळा आहे : गाढवावर कुत्रा, कुत्र्यावर मांजर, मांजरावर कोंबडा. गाढवाचे पुढचे दोन्ही पाय धरून इच्छा मागायची म्हणून ते पाय हातांनी घासून घासून सोन्यासारखे चकचकीत झालेत. मी बाबांना गोष्ट सांगितली. गाढव म्हातारं झालं, ओझं ओढवेना, मालक काढून टाकायला निघाला. कुत्र्याला शिकार जमेना, मांजरीला उंदीर, कोंबडा तर रस्सा व्हायच्या बेतात. चौघंही पळाले, ब्रेमेनला जाऊन वाजंत्री होऊ म्हणाले.

"म्हणजे निवृत्त कर्मचारी संघटना," बाबा म्हणाले.

"हो. वाटेत त्यांना दरोडेखोरांचं घर लागतं, ते चोरांना हुसकावून लावतात आणि तिथंच राहतात."

"आणि ब्रेमेन?"

"ब्रेमेनला ते पोचतच नाहीत."

बाबांनी पुतळ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "फेरी अर्धवट रद्द," ते म्हणाले. "आणि पुतळा मुक्कामाच्या गावी." मग गाढवाचे दोन्ही पाय धरून डोळे मिटले. काय मागितलं ते सांगितलं नाही.

मग सुरू झाली ती भटकंती. दर शनिवार-रविवार आम्ही कुठंतरी निघायचो. दशम्या, लसणीची चटणी, पाण्याच्या बाटल्या, आणि बाबांची डायरी. बर्लिनला जलद गाडीनं तीनेक तास लागतात. आम्हाला साध्या गाड्या बदलत सहा लागणार होते. प्रत्यक्षात साडेआठ लागले, कारण युल्त्सेन नावाच्या गावात आमची पुढची गाडी चुकली. दोन तास बसून राहायचं. मी मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालत होते. सुट्टीतले दोन तास वाया.

बाबा मात्र खूश. हे स्टेशन हुंडर्टवासर या चित्रकाराच्या आराखड्यावरून नव्यानं सजवलेलं आहे. २००० साली ते पूर्ण झालं, तेव्हा तो हयात नव्हता. सरळ रेष त्याला खपत नसे, त्यामुळे तिथं एक खांब दुसऱ्यासारखा नाही. कुठला घड्यासारखा फुगलेला, कुठला निळ्या-लाल चकचकीत चिनीमातीचा. वर सोनेरी गोळे. जमीनसुद्धा हलकेच वर-खाली होते, चालताना पावलाला समजते. बाबांनी एकेका खांबावरून हात फिरवला. मग बाकड्यावर बसून दशमी खाल्ली आणि कर्ण्यातून काय सांगतात म्हणून मला विचारलं. उशिराचं कारण, मी म्हटलं. जर्मन गाडीला उशीर झाला की कारण सांगतात, आणि नेहमीचं ठरलेलं कारण म्हणजे आधीच्या फेरीचा उशीर.

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "इतकी वर्षं मी हेच सांगत होतो गं. लोक म्हणायचे, कंट्रोलर खोटं बोलतो."

त्या दोन तासांत त्यांनी साताऱ्याच्या स्टँडबद्दल जेवढं सांगितलं तेवढं मी त्यांच्या घरात वाढूनही ऐकलं नव्हतं. महाबळेश्वरच्या गाडीत बाळंत झालेली बाई. पहाटेची मुक्कामी गाडी घेऊन येणारा, रात्रभर न झोपलेला ड्रायव्हर. एका दिवाळीला स्टँडवर राहिलेलं कुणाचं तरी पोर, ते त्याचे आजोबा येईपर्यंत बाबांच्या टेबलाखाली झोपलं होतं. "तेव्हा तू घरी लक्ष्मीपूजनाला माझी वाट बघत होतीस," ते सहज म्हणाले. मला ती दिवाळी आठवते. पोराचं मला आजवर माहीत नव्हतं.

बर्लिनही पाहिलं. ब्रांडेनबुर्ग गेटसमोर फोटो आहे, त्यात सगळे दमलेले. आई विचारलं की अजून युल्त्सेनच सांगते, "ते गमतीचं ठेसन."

१० जुलैला आषाढी एकादशी होती आणि रविवार. दोन वर्षांनंतर पंढरीची वारी पुन्हा भरली होती, सकाळी आईनं फोनवर पाहिली. डब्यात साबुदाण्याची खिचडी भरून आम्ही कुक्सहाफेनला गेलो. तिथला उत्तर समुद्र ओहोटीला असा मागं जातो की दिसेनासाच होतो. कित्येक किलोमीटर नुसता ओला तळ उरतो. त्यावरून लोक अनवाणी चालत जातात, दहा-बारा किलोमीटरवरच्या नॉयवेर्क बेटापर्यंत तेव्हा घोड्यांच्या उंच गाड्या जायच्या, आणि भरतीच्या आत परतायचं असतं. आईचं माहेर गुहागरकडचं. ओहोटीला तिसऱ्या गोळा करत ती वाढली. भरती-ओहोटीच्या वेळांचा फलक तिनं आमच्या आधी शोधला. साडी खोचून, चपला हातात घेऊन ती पुढं झाली आणि पाच मिनिटांत आम्हाला हाका मारायला लागली.

"अगं हे बघ, कुरडया!"

खरंच. ओल्या चिखलावर जिथं बघावं तिथं वाळूची बारीक वेटोळी, सोऱ्यातून आत्ता पाडल्यासारखी. शेजारी एक छोटासा खळगा. चिखलात राहणारा किडा वाळू गिळतो, त्यातलं खायचं ते खातो आणि उरलेली वाळू अशी बाहेर टाकतो. मुलानं एक वेटोळं बोटानं मोडलं, आईनं त्याच्या हातावर चापट मारली. "वाळत घातलंय कुणीतरी."

बाबा मागं उभे होते. डोळ्यांवर हात धरून त्या सपाट, चमकणाऱ्या तळाकडे बघत. दूर माणसांच्या रांगा चालल्या होत्या, मुंग्यांएवढ्या.

"हे तर वाळवंट," ते म्हणाले. पंढरपुरात चंद्रभागेच्या काठाला वाळवंट म्हणतात, ते त्यांच्या मनात होतं. दर आषाढीला एसटी जादा गाड्या सोडते आणि ठिकठिकाणची माणसं तिथं ड्यूटीला जातात. बाबा पंचवीस-तीस आषाढ्या पंढरपुरात होते. दर्शन दोनदा झालं. बाकीच्या वेळी तात्पुरत्या स्टँडवर, हातात यादी, तोंडात शिट्टी. देव तिथून एक-दीड मैल. मी कधी विचारलं नव्हतं की वाईट वाटायचं का. तिथंही विचारलं नाही. आईनं खिचडीचा डबा उघडला आणि आम्ही उभ्या उभ्याच, घोट्यापर्यंत चिखलात, उपास केला.

मग उष्णतेची लाट आली. २० जुलैला हांबुर्गमध्ये चाळीस अंश पार झाले. इथल्या घरात पंखासुद्धा नसतो. आईनं खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या, ताक केलं, आणि वरच्या मजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या जर्मन आजींना तांब्याभर नेऊन दिलं. भाषा दोघींनाही एकमेकींची येत नव्हती. आजींनी दुसऱ्या दिवशी तांब्या परत केला तो प्लमच्या केकसह, कारण इथंही रिकामं भांडं परत द्यायचं नसतं, निदान त्या आजींच्या घरी तरी.

पाहुणे आणखीही येऊन गेले. नेदरलँड्समधला मावसभाऊ, नवऱ्याचा मित्र आणि त्याचं कुटुंब, कुणाची तरी शिकायला आलेली भाची. दोन खोल्यांत एका रात्री नऊ माणसं झोपली. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, चादरी धुतल्या एवढंच.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातल्या एका मंगळवारी मी कामावर असताना आईचा फोन आला. बाबा सकाळी सातला बाहेर पडले होते, दूध आणतो म्हणून. साडेदहा वाजले होते. त्यांच्या फोनला इथलं कार्ड नव्हतं, घरच्या वायफायवरच चालायचा. मी रजा टाकून निघाले. दुकान, बाग, नदीचा काठ, पुतळा. दुपारी पोलिसांना फोन करायचा की नाही यावर नवरा-बायकोचं भांडण झालं. आई देवापुढे बसून होती. सगळ्यांत मला राग कसला येत होता माहितीये? त्या जामीनपत्राचा. माझ्या सहीवर आलेला माणूस मी हरवला होता.

सहा चाळीसला बेल वाजली. हातात दुधाचा खोका.

"बाबा! कुठं होतात?"

"ब्रेमरहाफेन." चप्पल काढत. "शेवटचं स्टेशन. हरवायला काय आहे त्यात, पुढं समुद्रच आहे."

मी बोलायला सुरुवात केली आणि मग बराच वेळ बोलत राहिले. कुणी अडवलं असतं तर, चक्कर आली असती तर, भाषा येत नाही, फोन नाही. लहानपणी सायकलवरून मी उशिरा आले की ते जसे बोलायचे, तसंच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तेव्हा मी ऐकायचे तसं, खाली बघून. मग म्हणाले, "खिडकीपाशी जागा मिळाली होती."

रात्री आईकडून उरलेलं समजलं. त्यांना नुसतं बसून जायचं होतं. कुणाच्या सोबतीनं नाही, कुणाला सांभाळत नाही. नोकरीभर गाडी म्हणजे उभं राहायचं, मागं बघायचं, माणसं मोजायची. रस्ता बघतो तो ड्रायव्हर आणि पॅसेंजर. ब्रेमरहाफेनला ते बंदरावर गेले. तिथून सत्तर लाखांवर माणसं जहाजानं परदेशी गेली, त्यांच्या आठवणीचा एक पुतळा आहे : बाप समुद्राकडे बोट दाखवतो आणि आई मागं वळून बघते. बाबा त्याच्या समोरच्या बाकावर बसले, केळं खाल्लं आणि परत आले. डायरीत त्या दिवशी फक्त जायच्या-यायच्या वेळा आहेत. येताना सात मिनिटं उशीर.

त्यानंतर ते आठवड्यातून दोनदा एकटे जायचे. मी एक कार्ड घेऊन दिलं आणि गप्प बसले.

त्या सगळ्या काळात त्यांना एकच गोष्ट खटकली. "तीन महिने झाले, एका माणसानं तिकीट मागितलं नाही." गाड्या इतक्या भरलेल्या असत की तपासनीस आत शिरणार कसा. पण बाबांना ते पटायचं नाही. गर्दीत तिकीट काढणं हेच तर कौशल्य. दर महिन्याचं तिकीट त्यांनी जपून वापरलं होतं. त्यावर आपलं नाव लिहावं लागतं. जूनचं त्यांनी ऐटीत देवनागरीत लिहिलं आणि माझ्या आग्रहाखातर खाली इंग्रजीत. तिन्ही कोरी करकरीत, कुणाच्या हाताची घडी नाही पडलेली.

ते तिकीट संपलं ३१ ऑगस्टला, आणि त्या वर्षी त्याच दिवशी गणेश चतुर्थी. मुलानं आणि बाबांनी हस्तकलेच्या दुकानातल्या मातीचा गणपती केला, सोंड जरा जाड. गोठवलेल्या खोबऱ्याचे मोदक झाले, वरच्या आजी आरतीला येऊन टाळ्या वाजवून गेल्या. रात्री नऊला बाबा म्हणाले, "पास बारापर्यंत चालतो ना?" आजोबा आणि नातू ट्रॅमनं टोकाला जाऊन परत आले, पाऊण तासात. कशाला, असं कुणी विचारलं नाही.

दुसरा दिवस नव्वदावा. पहाटे दीड दिवसाच्या गणपतीचं बादलीत विसर्जन केलं आणि नऊनंतरच्या गाडीनं हांबुर्गला निघालो, गटाचं दिवसभराचं तिकीट काढून. गाडी निम्मी रिकामी. एका रात्रीत सगळे आपापल्या मोटारीत परत गेले होते. बाबांना आईनं खिडकीशी बसवलं.

आणि तपासनीस आली. तरुण मुलगी, खांद्याला पिशवी, हातात शिक्का मारायचा चिमटा. बाबा सरळ होऊन बसले. तिकीट माझ्याकडून त्यांनी आधीच मागून घेतलं होतं. त्यांनी ते दोन्ही हातांनी पुढं केलं. तिनं नावं वाचली, आम्हाला मोजलं, चिमटा दाबला, कट्. बाबांचा अंगठा मांडीवर तेवढाच हलला.

विमानतळावर आत जायच्या रांगेत त्यांनी डायरी माझ्या हातात ठेवली.

"मला कशाला?"

"ड्यूटी संपली की फेऱ्यांच्या नोंदीचं वेबिल डेपोत जमा करायचं असतं."

परतीच्या गाडीत मी शेवटचं पान उघडलं. "१ सप्टेंबर. ब्रेमेन ते हांबुर्ग. तीन मिनिटं उशीर. कारण : आधीची फेरी. तिकीट तपासलं." शेवटच्या दोन शब्दांखाली दोन रेघा.